मधोमध अंधार असलेले कडे

प्रश्न असा होता: एखादा भाग जितका काळजीपूर्वक पुसावा, तितकी त्यात ठिणगी अधिक का पडावी?

हे वाक्य मी प्रयोगशाळेतल्या फळ्यावर लिहिले. चाचणीच्या, पत्र्याच्या बंद खोलीतून नुकताच सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला होता. पाठोपाठ पॅनेलवरचा लाल दिवा लागला आणि यंत्रणा आपोआप बंद पडली. त्या आठवड्यात हे रोजचेच झाले होते.

माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी भाग्यलक्ष्मी हातमोजे काढून स्टुलावर बसली. आमचे प्रयोगशाळा सहायक माने पंख्याखाली जाऊन उभे राहिले.

“मॅडम, आता आनि काय पुसायचं?” माने म्हणाले. ते मंगळवेढ्याकडचे. “आरशागत चमकतंय की. त्यात बघून भांग पाडावा.”

“पाडा मग,” भाग्या म्हणाली. “तेवढा तरी उपयोग होईल त्याचा.”

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देते. मी सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत विभागाची प्राध्यापिका आहे. माझा संशोधनाचा विषय हाय पॉवर मायक्रोवेव्ह, म्हणजे अतिशय शक्तिशाली सूक्ष्मलहरी. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये या लहरी निर्माण करणारा एक भाग असतो, त्याला मॅग्नेट्रॉन म्हणतात. आमच्याकडेही मॅग्नेट्रॉनच होता. मात्र दोघांचे नाते घरातले मांजर आणि रानातला वाघ यांच्यासारखे. आमचा मॅग्नेट्रॉन आपली सारी शक्ती डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आत, लहान लहान झटक्यांत बाहेर टाकतो. या झटक्यांना पल्स म्हणतात. ती शक्ती धातूच्या एका पोकळ, चौकोनी नळीतून पुढे जाते. ती नळी म्हणजे वेव्हगाइड. पाणी पाइपातून जाते तशा लहरी वेव्हगाइडमधून जातात.

भाग्याने चार वर्षे खपून या वेव्हगाइडच्या टोकाला जोडायचा एक भाग तयार केला होता. त्याला मोड कन्व्हर्टर म्हणतात. त्याचे काम लहरींची मांडणी बदलण्याचे. साध्या वेव्हगाइडमधून बाहेर पडणारी शक्ती मधोमध सर्वांत अधिक असते, टॉर्चच्या झोतासारखी. भाग्याच्या कन्व्हर्टरमधून ती कड्याच्या आकारात बाहेर पडायला हवी होती. कड्याच्या मध्यभागी काहीही नाही. तिथे चारी बाजूंची ओढ सारखीच असते, आणि समोरासमोरच्या सारख्या ओढींची बेरीज शून्य होते.

कमी शक्तीवर हे सिद्ध झाले होते. पूर्ण शक्तीवर व्हायचे होते. त्यासाठी लागणारा मॅग्नेट्रॉन आमच्याकडे नव्हता आणि कधी असणारही नव्हता. समुद्रकाठच्या एका मोठ्या संशोधनसंस्थेने तो काही आठवड्यांसाठी दिला होता. शनिवारी त्यांची गाडी तो न्यायला येणार होती.

त्या संस्थेचे नायर फोनवर स्वच्छ शब्दांत बोलले.

“मॅडम, एक्स्टेन्शन नाही. पुढे तीन ग्रुप लाइनमध्ये आहेत.”

“अजून एक आठवडा?”

“तुम्ही आमच्याच लॅबच्या आहात म्हणून दिला. सोलापूरला तो कशाला, असं विचारणारे इथे होतेच.”

पूर्ण शक्तीची चाचणी न होताच मॅग्नेट्रॉन परत गेला असता, तर भाग्याच्या प्रबंधाच्या शीर्षकातून ‘उच्चशक्ती’ हा शब्द काढावा लागला असता. तो शब्द गेला की उरतो तो एक नीटनेटका, कोणालाही नको असलेला प्रबंध. हे तिला माहीत होते. मलाही होते.

मी ‘त्यांच्याच लॅबची’ होते हे खरे. तरुणपणी मी त्या संस्थेत काम केले. तिथे अशी एक मोठी पत्र्याची खोली होती. तिच्या भिंतीला हाताच्या पंजाएवढी खिडकी होती. खिडकीच्या काचेला बारीक जाळी लावलेली. अशीच जाळी तुमच्या ओव्हनच्या दारालाही असते. तिची भोके प्रकाशाला पुरेशी मोठी असतात आणि मायक्रोवेव्हला फार लहान, म्हणून आपण आतला पदार्थ पाहू शकतो आणि लहरी बाहेर येत नाहीत. खोलीत एका फळीवर निऑनचे छोटे दिवे ओळीने बसवलेले होते, त्यांना कोणतीही तार जोडलेली नव्हती. मायक्रोवेव्ह डोळ्यांना दिसत नाहीत, पण जिथे त्या पुरेशा जोरात पोचतात, तिथला दिवा आपोआप पेटतो. एका सकाळी मी त्या जाळीतून नारिंगी दिव्यांचे एक पूर्ण कडे पाहिले. मधोमध गडद अंधार. मी खिडकीपाशी होते आणि आमचे वरिष्ठ, ज्यांना आम्ही नुसते सर म्हणत असू, ते पॅनेलपाशी.

पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला. मी सोलापूरला आले. ते बरीच वर्षे होते. ते गेल्यानंतर परत जाण्याइतकी मी तरुण राहिले नव्हते. मी सर्किट्स शिकवली, मशीन्स शिकवली, आणि दर वर्षी शेवटच्या सत्रात एक तास राखून फळ्यावर खडूने ते कडे काढले. आतला भाग काळा ठेवायला काही करावे लागत नाही. फळा काळाच असतो. मुले ते वहीत उतरवून घेत. पेनाने काढलेले कडे पांढऱ्या कागदावर वेगळेच दिसते, मधोमध पांढरे. 

आता मूळ प्रश्नाकडे येते.

वेव्हगाइडमध्ये हवा असते. लहरींचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला की हवा फाटते आणि ठिणगी पडते. आकाशातल्या विजेचेच हे लहान रूप. याला आम्ही ब्रेकडाउन म्हणतो. ठिणगी पडली की लहरी पुढे न जाता उलट्या मॅग्नेट्रॉनकडे येतात आणि त्याचे नुकसान करतात. म्हणून संरक्षक सर्किट यंत्रणा तत्काळ बंद करते. आमचा कन्व्हर्टर ठरलेल्या शक्तीच्या निम्म्यावरही टिकत नव्हता.

आमचे विभागप्रमुख शिंदे सर यांचे मत तयार होते.

“मॅडम, एप्रिल आहे. हवा तापली की विरळ होते, विरळ हवा लवकर फाटते. तिकडे समुद्रकाठी चाललं म्हणून इथे चालेल, असं नाही.”

“बरोबर आहे सर.”

“मग गणपतीनंतर करा.”

“गणपतीनंतर मॅग्नेट्रॉन नसेल.”

“तेही बरोबर आहे,” ते म्हणाले आणि निघून गेले.

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, म्हणून तपासायला हवे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच आलो. त्या वेळी सोलापूरची हवा क्षणभर दयाळू असते. शक्ती हळूहळू चढवली. कन्व्हर्टर आदल्या दुपारपेक्षा किंचित अधिक टिकला आणि मग तोच आवाज आला. उष्णतेचा वाटा होता, पण तो लहान होता.

दुसरी शंका जोडणीची. दोन भागांच्या कडा नीट जुळल्या नाहीत तर फटीपाशी जोर एकवटतो. आम्ही कन्व्हर्टर काढून साधा सरळ तुकडा लावला. तो पूर्ण शक्तीवर शांतपणे चालला. म्हणजे मॅग्नेट्रॉन, वेव्हगाइड आणि जोडणी निर्दोष होती. दोष कन्व्हर्टरच्या आत होता.

तिसरी शंका भाग्यानेच बोलून दाखवली, आणि ते तिला सोपे गेले नसावे.

“मॅडम, माझं डिझाइनच चुकलं असेल. आत कुठेतरी धार राहिली असेल.”

“मग डाग दाखव.”

ठिणगी पडते तिथे कन्व्हर्टरच्या आतल्या तांब्याच्या पृष्ठावर काळा ठिपका उमटतो. भाग्याने प्रत्येक वेळी कन्व्हर्टर उघडून आतल्या ठिपक्यांची छायाचित्रे काढली होती. आम्ही ती टेबलावर क्रमाने मांडली. मी तिला वर्गात विचारावे तसे विचारले.

“धार एका जागी असते की फिरते?”

“एका जागी.”

“आणि ठिपके?”

तिने एकेका छायाचित्रावर बोट ठेवले. एक ठिपका वळणापाशी होता. पुढचा तोंडापाशी. त्यानंतरचा सपाट पृष्ठावर, जिथे धार असण्याचे काही कारणच नव्हते.

“फिरतात,” ती म्हणाली.

“धातूतला दोष जागा बदलत नाही. मग दर वेळी नवीन काय येते?”

“काहीच नाही. आम्ही उघडतो, पुसतो, बंद करतो.”

  आम्हा दोघींची नजर एकाच वेळी कपाटाकडे गेली.

त्या कपाटात नवे टॉवेल होते. भाग्याचे घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आहे. वडील मल्लय्या यांचे यंत्रमाग आहेत, टॉवेलांचे. घरात तेलुगू बोलतात. वडिलांना ती नाना म्हणते आणि ते तिला लाडाने अम्मा. खंडेनवमीला सोलापुरात मागांची पूजा होते, तशी आमच्या प्रयोगशाळेत उपकरणांचीही होते. कन्व्हर्टर तयार होऊन आला त्या वर्षी मल्लय्या पूजेला आले. हळदकुंकू झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक कोरा टॉवेल काढून कन्व्हर्टरवर घातला. पाहुण्याच्या खांद्यावर घालावा तसा.

“पोरीनं बनवलंय. याला वापरलेलं फडकं लावू नका, मॅडम,” ते म्हणाले होते. “कोरंच लावा. मी पाठवत जातो.”

आणि ते पाठवत गेले. कन्व्हर्टर उघडला की नवा टॉवेल उघडायचा, हा आमचा रिवाज झाला. वापरलेला टॉवेल माने घरी नेत. कोरे म्हणजे पवित्र आणि पवित्र म्हणजे स्वच्छ, असे आम्ही सर्वांनीच धरून चाललो होतो. सोलापुरात याहून वेगळे कोणाला सुचले असते असे मला वाटत नाही.

मी खोलीतले दिवे बंद करायला सांगितले. खिडक्यांवर पडदे ओढले. भाग्याने नुकताच पुसलेला कन्व्हर्टर उघडला आणि मी टॉर्च जवळजवळ आडवी धरली, प्रकाश पृष्ठावरून घासत जाईल अशी. वरून पाहता आरसा वाटणारे ते तांबे आडव्या प्रकाशात कापणी झालेल्या ज्वारीच्या रानासारखे दिसले. सर्वत्र बारीक तंतू उभे होते. टॉवेलाला पाणी शोषण्यासाठी सुताचे फासे असतात. कोऱ्या, न धुतलेल्या फाशांतून तंतू सुटतात. असा एक तंतू उभा राहिला की त्याच्या टोकाशी लहरींचा जोर एकवटतो आणि हवा तिथेच फाटते. आम्ही जितके पुसत होतो, तितके पेरत होतो.

“म्हणजे नानांच्या टॉवेलनं,” भाग्या म्हणाली.

“डिझाइन चुकलेले नाही,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. सुटका झालेल्या माणसाची ती मान नव्हती.

“त्यांना मी काय सांगू? आठवड्यातून एकदा तरी विचारतात, आपला टॉवेल चालतोय ना गं अम्मा, म्हणून.”

माने म्हणाले, “सांगू नगा की. न्हायतर मी बी धा टॉवेल घरी नेल्यात. मला कुटं त्रास झाला?”

ती हसली, हे बरे झाले. पण मी तिला सांगायला लावले. कारण शनिवारच्या आधीच्या सकाळी, पूर्ण शक्तीच्या चाचणीला, तिने वडिलांना बोलावून ठेवले होते.

आम्ही कन्व्हर्टर स्पिरिटने धुतला. चष्म्याच्या दुकानात मिळते त्या गुळगुळीत कापडाने पुसला आणि कोरड्या नायट्रोजनचा फवारा मारून आडव्या टॉर्चमध्ये तपासला. रान साफ होते.

मल्लय्या वेळेआधीच आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत पिशवी. पिशवीत काय आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. भाग्या त्यांना बाजूला घेऊन तेलुगूत बोलली. मला शब्द कळले नाहीत. त्यांनी पिशवीचे बंद घट्ट केले, एवढे दिसले.

मग ते माझ्यापाशी आले.

“मॅडम, माल खराब नव्हता.”

“मुळीच नव्हता. माल उत्तमच होता. आम्ही चुकीच्या जागी वापरला.”

“मग ठीक आहे.” त्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. “एक विचारू का? आज काही दिसतं का? नाही म्हणजे, चार वर्षं ही घरी येऊन सांगते, आज झालं, आज नाही झालं. काय झालं ते दिसत कधीच नाही. मागावर टॉवेल तरी दिसतो.”

“आज दिसेल,” मी म्हणाले. “खिडकीपाशी उभे राहा.”

आमच्या पत्र्याच्या खोलीलाही मी तशीच पंजाएवढी खिडकी ठेवून घेतली होती. आत फळीवर निऑनचे दिवे होते. खिडकी एका भिंतीला आणि पॅनेल दुसऱ्या. मॅग्नेट्रॉन चालवण्याचे बटण दाबून धरावे लागते. बोट सोडले की यंत्रणा बंद. चालवणाऱ्याला भोवळ आली, तो पळाला, तरी धोका उरू नये म्हणून ही सोय. ते बटण केवळ प्रशिक्षित व्यक्तीने धरायचे, ही मॅग्नेट्रॉन देणाऱ्या संस्थेची अट. आमच्याकडे प्रशिक्षित व्यक्ती मी एकटीच होते.

माने दाराशी उभे राहिले. भाग्याने कॅमेरा लावला. मी बटण दाबले आणि शक्ती चढवू लागले. आदल्या दिवसांची मर्यादा आली आणि गेली. माझी नजर परतणाऱ्या शक्तीच्या काट्यावर होती. ठिणगी पडली असती तर तो उडाला असता. तो पडून राहिला. मी आणखी चढवली. पूर्ण शक्तीची खूण आली. आवाज नाही. फक्त पल्सची बारीक, सलग किरकिर.

“मॅडम!” भाग्या ओरडली. “कडं आहे!”

“मधोमध?”

“काळं. पूर्ण काळं. नाना, तुम्ही बघा. इकडनं, असं वाकून.”

मल्लय्या वाकले असावेत.  मग ते तेलुगूत काहीतरी हळूच म्हणाले आणि नंतर माझ्यासाठी मराठीत म्हणाले, “तार कुठंय, मॅडम? तारेशिवाय पेटलंय की!”

“तुमच्या मुलीला विचारा,” मी काट्यावरची नजर न काढता म्हणाले. “तेच तिने चार वर्षे केले आहे.”

“मॅडम, तुम्ही या ना,” भाग्या म्हणाली. “मी बटण धरते. एकच मिनिट.”

मी नाही म्हणाले. अप्रशिक्षिताने बटण धरू नये, हा नियम माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेला होता. माझ्या बोटापासून त्या खिडकीपर्यंत कोणालाही एका श्वासात जाता आले असते. मापने पूर्ण झाली, भाग्याने हात वर केला आणि मी बोट उचलले. मी वळले तेव्हा खिडकी अंधारी होती. मॅग्नेट्रॉनचे चालण्याचे तास मोजून दिलेले असतात. केवळ पाहण्यासाठी तो पुन्हा चालवता येत नाही.

तेव्हा मला त्या संस्थेतले सर आठवले. पॅनेलपाशी पाठमोरे उभे असलेले. मी खिडकीपाशी आनंदाने ओरडले होते आणि त्यांनी मान न वळवता विचारले होते, “मधोमध?” इतकी वर्षे मी समजत होते की त्यांनी ते कडे पुष्कळदा पाहिले असणार, म्हणून वळावेसे वाटले नसणार. त्यांनी ते कधी पाहिले होते का, हे मी त्यांना विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

शनिवारी गाडी आली आणि मॅग्नेट्रॉन घेऊन गेली. भाग्याच्या प्रबंधाचे शीर्षक आहे तसे राहिले. कड्याचे छायाचित्र त्यात आहे, चांगले आले आहे. छायाचित्र हा पुरावा असतो. पुरावा आणि पाहणे यांत जो फरक आहे, तो मी कोणत्याही सत्रात शिकवू शकलेले नाही.

मल्लय्या आजही टॉवेल पाठवतात, आता धुऊन. हात पुसायला ते उत्तम आहेत.

धडा द्यायचाच तर कोरडा आहे. आपण ज्या वस्तूचा आदर करतो, ती तपासायची राहून जाते. यंत्राला आदर कळत नाही, त्याला तंतू कळतात.

माझ्या शब्दावर विसंबू नका. घरातले एक स्टीलचे ताट स्वच्छ धुऊन वाळवा. अर्धे ताट कोऱ्या टॉवेलाने पुसा आणि अर्धे चष्म्याच्या कापडाने. खोलीत अंधार करा, टॉर्च आडवी धरा आणि स्वतः वाकून पाहा. तंतूंविषयी मी सांगितले ते मी पाहिलेले आहे. त्या दिवशीच्या कड्याविषयी सांगितले ते मी ऐकलेले आहे. दोन्ही तपासून घ्यावे, ही विनंती.